वाक्य सुधारले, अर्थ कोठे गेला?

गेल्या दोन-तीन वर्षांत महाविद्यालयीन शिक्षकांच्या वाट्याला एक चमत्कारिक अनुभव आला आहे. विद्यार्थ्यांचे लेखन एकाएकी सुधारले आहे. निबंधांच्या ज्या गठ्ठ्यात पूर्वी पाच-सहा निबंध सरळ भाषेत लिहिलेले सापडले तरी त्या संध्याकाळचा चहा गोड लागे, त्याच गठ्ठ्यातील बहुतेक निबंध आता व्याकरणशुद्ध, विरामचिन्हांनी युक्त आणि नीट परिच्छेद पाडलेले असे येतात. कर्ता आणि क्रियापद यांचे जुने भांडण मिटले आहे. ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी आहेत. शिक्षकाने आनंदित व्हावे असाच हा प्रसंग. परंतु असे दहा निबंध ओळीने वाचून झाले म्हणजे मनात एक अस्वस्थता घर करू लागते. कोणी काय म्हटले होते ते आठवायला जावे, तर काहीच आठवत नाही.

या सुधारणेचे श्रेय अर्थातच शिक्षकांकडे जात नाही. आपण लिहिलेले वाक्य यंत्रापुढे ठेवावे आणि त्याने ते अधिक सुबक करून परत द्यावे, अशा संगणकीय आज्ञावल्या आता प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलवर आल्या आहेत. रजेचा अर्ज, बँकेला पाठवायचे पत्र, नोकरीसाठी विनंती, प्रकल्पाचा अहवाल, असा दैनंदिन लेखनाचा एकही प्रकार या घासकामातून सुटलेला नाही. शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी या तिघांचेही दिवस लिहिण्यात जात असल्यामुळे या सोयीचा जमाखर्च मांडणे अगत्याचे झाले आहे. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्र शिकवतो. भाषेच्या क्षेत्रात त्याला कोणताही अधिकार नाही. तथापि जमाखर्च हा त्याचा नित्याचा व्यवसाय आहे, एवढ्या आधारावर हे धाडस.

यंत्राकडून वाक्य तपासून घेण्याची कल्पना तशी जुनी. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७० नंतरच्या दशकाअखेरीस लोरिंडा चेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'रायटर्स वर्कबेंच' नावाचा आज्ञावल्यांचा संच तयार करण्यास आरंभ केला. वाक्ये किती लांब आहेत, कर्मणी प्रयोग किती झाले, पाल्हाळिक शब्दप्रयोग कोठे आले आहेत, हे तो मोजून दाखवी. १९८१ साली घरगुती संगणकासाठी 'ग्रामॅटिक' आली. १९९७ च्या 'वर्ड'मध्ये चुकीच्या वाक्याखाली हिरवी नागमोडी रेघ उमटू लागली, ती कचेऱ्यांतून काम केलेल्या अनेकांना आठवत असेल. २००९ साली युक्रेनमधील तरुणांनी 'ग्रामरली' स्थापन केली. या मालिकेतील पहिल्या आज्ञावल्यांचा स्वभाव तपासनिसाचा होता. त्या चुकीवर बोट ठेवीत. दुरुस्ती करायची की नाही, हे लिहिणाऱ्याने ठरवायचे असे. २०१७ साली निघालेल्या 'क्विलबॉट'ने संपूर्ण वाक्यच दुसऱ्या शब्दांत फिरवून देण्याचे काम पत्करले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' लोकांपुढे आल्यावर तर वाक्याची मर्यादाही उरली नाही. तपासनीस होता तो लेखनिक झाला. हा बदल इतक्या सहजतेने घडला, की आपण कधी एका कामाऐवजी दुसरेच काम त्याच्याकडे सोपवले, हे आपल्याला कळलेही नाही.

या नव्या आज्ञावल्या अफाट मजकूर वाचून, एका शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचे गणित बसवतात. बहुतेकांनी बहुतेक वेळा जे म्हटले असेल त्याच्याकडे त्यांचा ओढा असावा, हे ओघानेच आले. संख्याशास्त्राची तोंडओळख असलेल्यास सरासरीकडे झुकण्याची ही प्रवृत्ती परिचयाची वाटेल. रजेच्या अर्जाला सरासरी वाक्य पुरते. पण प्रत्येक लेखन रजेचा अर्ज नसते.

गेल्या वर्षीचा एक प्रसंग सांगतो. आमच्या महाविद्यालयात लासलगावच्या बाजूने येणारा एक विद्यार्थी आहे. घरची शेती थोडी, तीत कांदा. पदवीच्या शेवटच्या वर्षासाठी त्याने स्वतःच्या गावातील कांदाविक्रीवर प्रकल्प घेतला होता. त्याने आणून दिलेला अहवाल वाचून मी चकित झालो आणि थोडा निराशही झालो. त्यातील एक वाक्य असे होते: 'कांदा उत्पादकांना साठवणूक व वित्तपुरवठा यांसंबंधीच्या विविध आव्हानांना सामोरे जावे लागते, ज्याचा त्यांच्या उत्पन्नावर लक्षणीय परिणाम होतो.' वाक्यात चूक काढायला जागा नाही. परंतु कांद्याच्या ठिकाणी द्राक्षे, दूध किंवा मासळी घातली तरी ते तितकेच खरे राहील, आणि लासलगावच्या ठिकाणी जगातील कोणतेही गाव घातले तरीही. मी त्याला म्हटले, "अरे, तू गावात बसून माहिती गोळा केलीस ना? मग ती वही दाखव." त्याने संकोचाने वही काढली. तेच वाक्य तेथे त्याच्या हस्ताक्षरात असे होते:

'चाळीत कांदा ठेवला तर पुढे भाव मिळतो असं सगळे म्हणतात पण ज्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे त्याला ठेवता येत नाही, तो निघाल्या निघाल्या पडेल त्या भावात विकतो आणि भाव वाढतो तेव्हा त्याच्याकडे कांदाच नसतो.'

"हे वाक्य का बदललेस?" मी विचारले. तो म्हणाला, "सर, माझं गावठी वाटत होतं."

या दोन वाक्यांपाशी थोडे थांबणे भाग आहे, कारण आपल्या विषयाचे सारे मर्म तेथे आहे. वहीतल्या वाक्याला विरामचिन्हांची वाण आहे, ते जरा धापा टाकत जाते, हे कबूल. पण त्यात कोण विकतो, केव्हा विकतो, का विकतो आणि त्याचे काय होते, ही चारही उत्तरे आहेत. उन्हाळ कांदा साधारणतः मार्चअखेरीपासून मेपर्यंत निघतो. तो चाळीत काही महिने टिकतो, आणि आवक ओसरल्यावर भाव चढण्याचा संभव असतो. कांदाचाळ बांधण्यासाठी शासन अनुदान देते. या अनुदानामागील गृहीत असे, की शेतकरी कांदा ठेवत नाही कारण त्याच्याकडे ठेवायला जागा नाही. माझ्या विद्यार्थ्याचे वाक्य या गृहीतालाच प्रश्न विचारते. जागा असली तरी ज्याला थांबणे परवडत नाही, त्याला चाळीचा उपयोग किती? मग कर्जाची मुदत आणि बाजाराचा हंगाम यांचा मेळ कसा घालावा, बाजारभाव चढण्याचा लाभ नेमका कोणाच्या पदरात पडतो, गावात असे थांबू न शकणारे किती, हे पुढचे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. ते वाक्य चुकीचेही ठरू शकेल. कोणी गावात जाऊन तपासले तर कर्जापेक्षा कांदा सडण्याची भीती हेच खरे कारण निघेल. चुकीचे ठरू शकते म्हणूनच ते शास्त्राच्या उपयोगाचे. 'विविध आव्हानां'चे वाक्य कधीच चुकीचे ठरणार नाही, आणि म्हणून ते कोणाच्याही उपयोगाचे नाही. (जाता जाता एक तक्रार: हल्ली मराठीत अडचण, पेच, टंचाई, कुचंबणा यांपैकी काहीच शिल्लक राहिलेले नाही, जी आहेत ती सर्व 'आव्हाने' आहेत.)

तयार शब्दसमूह एकास एक जोडून लिहिण्याच्या सवयीवर जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ साली एका प्रसिद्ध निबंधात झोड उठवली होती. त्या काळी ही सवय लावून घ्यायला माणसाला निदान काही वर्षे कचेरीत किंवा राजकारणात घालवावी लागत. आता ती एकोणीस वर्षांच्या मुलाला बोटाच्या एका स्पर्शाने प्राप्त होते.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की प्राध्यापकमंडळी नव्या साधनाला नावे ठेवणारच. तेव्हा दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मी स्वतः मराठी माध्यमात शिकलो. पदव्युत्तर वर्गात गेल्यावर इंग्रजी ग्रंथांशी पहिली खरी गाठ पडली. माझा पहिला शोधनिबंध एका नियतकालिकाने परत पाठवला तेव्हा त्यातील आकडेमोडीविषयी एक अक्षरही नव्हते. भाषा सदोष असल्याचा शेरा तेवढा होता. ती टोचणी अजून गेलेली नाही. आज असा निबंध पाठवताना मी इंग्रजी वाक्ये यंत्राकडून तपासून घेतो, हे लपवण्याचे कारण नाही. शहरातील महागड्या शाळांतून आलेल्या मुलांना जे इंग्रजी घरबसल्या मिळते, त्याच्या जोरावर पुढे नोकऱ्या मिळतात. तालुक्याच्या गावच्या मुलाला ती उणीव एखाद्या आज्ञावलीने भरून काढता येत असेल, तर त्याला नीतीचे पाठ देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणाला आहे?

या बाजूने पुरावाही आहे. अमेरिकेतील शाकेड नॉय आणि व्हिटनी झांग या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४५३ पदवीधर नोकरदारांना पत्रके, छोटे अहवाल, कचेरीतील पत्रे अशी नित्याची लेखनकामे दिली. ज्यांना चॅटजीपीटी वापरण्याची मुभा होती त्यांना लागणारा वेळ सरासरीने ४० टक्क्यांनी घटला आणि कामाचा दर्जा १८ टक्क्यांनी वाढला. जे आरंभी मागे होते त्यांना लाभ अधिक झाला. विषमता कमी करणारी यंत्रे इतिहासात फार नाहीत. त्यांची सहज हेटाळणी करू नये.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे मायकेल स्पेन्स यांचे नाव काढील. पुढे २००१ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरलेल्या या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली असे दाखवून दिले, की मालकाला उमेदवाराची खरी कुवत दिसत नसते, म्हणून तो कुवतीची खूण शोधतो. आणि ती खूण मिळवणे अकुशल माणसाला अधिक जड जाते, म्हणूनच तिला किंमत असते. नीटनेटके लिहिलेला अर्ज ही अशीच एक खूण होती. ती फुकट मिळू लागली की तिचा अर्थ संपतो, असे या तर्काने म्हणता येईल. मीही वर्गात तसे सांगू लागलो होतो. परंतु २०२३ मध्येच एमा वाइल्स आणि सहकाऱ्यांचा एक निबंध वाचनात आला. एका ऑनलाइन श्रमबाजारातील सुमारे ४ लाख ८० हजार उमेदवारांपैकी काहींना आपली माहिती लिहिताना यंत्राची मदत दिली गेली. त्यांना नोकऱ्या मिळण्याचे प्रमाण इतरांपेक्षा ८ टक्क्यांनी अधिक निघाले, आणि ज्यांनी त्यांना कामावर घेतले ते नंतर अधिक असमाधानी झाल्याचेही आढळले नाही. अक्षरांतील चुका माणसाची कुवत झाकत होत्या. त्या दूर होताच ती दिसू लागली, असे याचे एक स्पष्टीकरण देता येते. माझा तर्क नीटस होता, पण या बाबतीत तरी तो अपुरा पडला.

मग कांद्याच्या वाक्याचे काय? विसंगती वरवरची आहे. नोकरीच्या अर्जातील मजकूर लिहिण्यापूर्वीच ठरलेला असतो. वय, शिक्षण, अनुभव या गोष्टी वाक्यरचनेमुळे बदलत नाहीत. भाषा तेथे वेष्टन असते. विद्यार्थ्याच्या अहवालात किंवा कोणत्याही विचार करून लिहिलेल्या मजकुरात मात्र काय म्हणायचे आहे, ते लिहिता लिहिताच ठरत जाते. वाक्य अडते तेव्हा बहुधा विचार अडलेला असतो. 'किंमत वाढली की मागणी कमी होते आणि मागणी कमी झाली की किंमत कमी होते, मग किंमत वाढतेच कशी?' असे एका मुलीने पूर्वी उत्तरपत्रिकेत लिहिले होते. मागणीरेषेवरून सरकणे आणि मागणीरेषाच सरकणे यांतील गोंधळ त्या वाक्यात लख्ख दिसत होता, म्हणून दुसऱ्या दिवशी फळ्यावर आकृती काढून तो सोडवता आला. आज तेच वाक्य यंत्रातून फिरून येईल तर 'किंमत व मागणी यांच्यात परस्परावलंबी व गुंतागुंतीचा संबंध असतो' असे काहीसे होऊन येईल. गोंधळ मुलीच्या डोक्यात तसाच राहील आणि मी बरोबरची खूण करून पान उलटीन. वैद्यापुढे जाण्यापूर्वी रोग्याने तापाची गोळी घेऊन यावे तसे हे आहे.

मराठीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आपल्या भाषेला वाक्यसुधारक नवे नाहीत. मोल्सवर्थ यांचे कोशकार्यातील सहकारी मेजर थॉमस कँडी यांनी एकोणिसाव्या शतकात सरकारी भाषांतरे आणि शाळाखात्याची पुस्तके यांच्यावर दीर्घकाळ संस्करण केले. १८५० साली त्यांनी विरामचिन्हांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. या लेखातील प्रत्येक स्वल्पविराम या अर्थाने त्यांचा ऋणी आहे. मराठी गद्याला त्यांनी इंग्रजी वळण लावले, असा आक्षेपही त्यांच्यावर घेतला गेला, आणि तोही सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. परंतु कँडीसाहेब हे एक माणूस होते, त्यांच्याभोवती शास्त्रीमंडळी होती, आणि अमुक शब्द का बदलला असा वाद त्यांच्याशी घालता येत होता. आताचा सुधारक वाद घालत नाही. तुम्ही हरकत घेतलीत तर नम्रपणे क्षमा मागून तिसरेच वाक्य देतो. त्याने वाचलेल्या मजकुरात इंग्रजीच्या मानाने मराठीचा हिस्सा अगदीच अल्प. त्यामुळे तो मराठी वाक्य सुधारतो तेव्हा 'ज्यामुळे', 'ज्याचा', 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावते' अशा इंग्रजी साच्यांत ते ओततो, आणि 'निघाल्या निघाल्या', 'पडेल त्या भावात' असे अस्सल मराठी प्रयोग त्याच्या हातून प्रथम गळतात.

सरकारी मराठीची गोष्ट वेगळी नाही. १९६४ चा राजभाषा अधिनियम झाला तेव्हा सामान्य माणसाला सरकारी कागद समजावा, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात 'उचित कार्यवाही करण्यात यावी' असे कर्ता लपवणारे मराठी कचेऱ्यांत रूढ झाले, आणि यंत्राने औपचारिक मराठी म्हणून नेमके तेच उचलले आहे. एका कार्यालयात प्रधान लिपिक असलेले माझे स्नेही परवा सांगत होते, की पूर्वी निराधार योजनेचा अर्ज पाच ओळींचा, वेडावाकडा असे, पण त्यात तारीख, खाते क्रमांक आणि पैसे कोणत्या महिन्यापासून थांबले, हे असे. आता गावातील कोणीतरी मोबाइलवर तो 'सुधारून' देतो. पानभर अर्ज येतो, त्यात सहानुभूतिपूर्वक विचाराची विनंती दोनदा असते, आणि खाते क्रमांक नसतो. मग अर्ज परत जातो. लिहिण्याचा खर्च शून्यावर आला तरी वाचण्याचा खर्च होता तेथेच आहे, आणि तो लिहिणाऱ्याला द्यावा लागत नाही. दुसऱ्या कोणावर तरी पडतो. कारखान्याच्या धुराविषयी आम्ही वर्गात जे शिकवतो तेच थोड्याफार फरकाने या पानभर अर्जांना लागू पडते. या उदाहरणात तर तो खर्च अखेर त्या निराधार बाईच्याच माथी बसतो.

काही संस्थांनी यावर यंत्रलिखित मजकूर पकडणारे दुसरे यंत्र आणण्याचा मार्ग काढला आहे. तो घातक आहे, एवढे निःसंदिग्धपणे म्हणता येईल. २०२३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अशा सात यंत्रांपुढे, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींचे ९१ निबंध ठेवले. ते सर्व माणसांनी लिहिलेले असताना सरासरीने निम्म्याहून अधिक निबंधांवर यंत्रलिखित असा शिक्का बसला. ज्याची शब्दसंपत्ती मर्यादित, तो यंत्रासारखा लिहितो असे यंत्राला वाटते! ज्याला या साधनाची सर्वांत अधिक गरज, त्याच्यावरच चोरीचा आळ येणार असेल, तर असल्या बंदोबस्तापेक्षा गैरवापर परवडला.

आमच्या विभागात गेल्या सत्रापासून एक साधी पद्धत सुरू केली आहे. यंत्राला मनाई नाही. परंतु अहवालासोबत स्वतःच्या हाताने लिहिलेला पहिला खर्डा जोडायचा, आणि यंत्राने केलेल्या बदलांपैकी निदान तीन बदल का नाकारले, ते समासात लिहायचे. अंतर्गत मूल्यमापनातील काही गुण त्यावर ठेवले आहेत. पद्धत निर्दोष नाही. खर्डाही यंत्राकडून लिहवून घेऊन हाताने उतरवून काढणारे महाभाग निघालेच. शिवाय वर्गात ७०-८० मुले असताना प्रत्येकाचे दोन-दोन कागद शेजारी ठेवून वाचणे ही एका शिक्षकाच्या आवाक्यातील गोष्ट नव्हे. रिक्त जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत तोवर ती कोणाच्याच आवाक्यात येणार नाही. तासिका तत्त्वावरील सहकाऱ्याकडून तर ही अपेक्षा करणेच अन्याय्य आहे. निम्म्याहून कमी मुलांनी खर्डे जोडले. ज्यांनी जोडले त्यांतील काहींच्या समासातील टिपा मात्र अहवालापेक्षा वाचनीय होत्या. एकीने लिहिले होते, 'मी बाई विकते असं लिहिलं, त्यानं महिला उद्योजक केलं. ती रस्त्यावर भाजी विकते.'

कांद्याच्या प्रकल्पाचा अहवाल त्या विद्यार्थ्याने पुन्हा लिहिला. यंत्राकडून त्याने शुद्धलेखन तपासून घेतले, दोन ठिकाणी लांब वाक्ये तोडली, आणि वहीतले वाक्य होते तसे ठेवले. फक्त 'म्हणतात'नंतर एक स्वल्पविराम दिला. सध्या तो सोसायटीच्या नोंदवहीतून, कर्ज थकलेल्यांपैकी कितींकडे चाळ आहे, याची यादी करीत आहे. सचिवांनी नोंदवही घरी नेण्यास मनाई केली आहे, म्हणून शनिवारी तेथेच बसून उतरवून घेतो.